मुंबईचे, आणि फक्त मुंबईचे

आमच्या दादरच्या घरात भारतीय संघाविषयी ज्याचं त्याचं मत वेगळं होतं. मुंबईच्या रणजी संघाविषयी मात्र सगळ्या घराचं मिळून एक मत होतं आणि त्यावर चर्चा होत नसे: पद्माकर शिवलकरला कसोटी खेळायला मिळाली नाही, हा अन्याय झाला. आजोबा हे जेवताना म्हणत, बाबा ऑफिसातून आल्यावर चपला काढता काढता म्हणत, काका पेपर वाचताना मधेच मान वर करून म्हणत. आणि आम्ही चुलत-आते भावंडं, ज्यांनी शिवलकरला ऐन भरात पाहिलंच नव्हतं, तेच वाक्य शाळेत तावातावानं बोलत असू. प्रथम श्रेणीतले ५८९ बळी हा आकडा आम्हाला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ झाला होता.

कुणी पाहुणा म्हणाला, ‘अहो, पण तेव्हा बेदी होता ना,’ की काकांना तेवढंच हवं असे. दोन ऑफस्पिनर एका संघात खेळलेले चालतात, मग बेदी आणि शिवलकर हे दोन डावखुरे फिरकीपटू का चालू नयेत? मग ते १९७२-७३ च्या मद्रासच्या अंतिम सामन्यावर येत. चेपॉकची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, समोर तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. त्याच खेळपट्टीवर शिवलकरनं पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ वर आटोपले. आजोबा न्यायाचे पक्के, ते लगेच म्हणत, ‘हरियाणाच्या राजिंदर गोयलचंही नाव घे. त्यालाही नाही खेळवला.’ गोयलचे बळी ७५०. तेही आम्हाला पाठ होते.

आमच्या आधीच्या पिढीनं जिंकण्याची सवय लावून घेतली होती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं करंडक मुंबईकडे राहिला. मार्च १९७४ मध्ये बंगलोरच्या उपांत्य सामन्यात अजित वाडेकर घसरून धावबाद झाला, कर्नाटकनं ती मालिका तोडली आणि त्या रात्री काका जेवले नाहीत, असं आजी सांगायची. आमच्या वाट्याला मात्र कोरडी वर्षं आली. १९८४-८५ चा करंडक जिंकल्यावर पुढचे आठ मोसम मुंबईला काही मिळालं नाही. आमची दहावी, बारावी, पदवी सगळं त्या आठ मोसमांत उरकलं. दिल्ली जिंकली, हैदराबाद जिंकलं, तामिळनाडू, बंगाल, पंजाब जिंकले. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये बाबा पेपर घडी करून ठेवत आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत. माझं ठाम मत आहे की आमची पिढी मुंबईची जास्त सच्ची चाहती झाली ती याच वर्षांमुळे. जिंकणाऱ्या संघावर कोणीही जीव टाकतो.

आणि तो संघ होताही शेजारचा. वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. बँका, गिरण्या, सिमेंट कंपन्या यांचे संघ टाइम्स शील्डला एकमेकांशी भिडत आणि त्यांत रणजी खेळाडू सर्रास असत. बाबा दादर युनियनचे, कारण गावसकर आणि वेंगसरकर तिथले. काका शिवाजी पार्क जिमखान्याचे, कारण शिवलकर तिथला. माटुंग्याच्या दडकर मैदानावर या दोन क्लबांची गाठ पडली की दोघं भाऊ एकत्र निघत आणि सीमारेषेबाहेर दोन वेगळ्या झाडांखाली बसत. पावसाळ्यात कांगा लीग. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुद्दाम पावसात खेळवतात. आझाद मैदानावर एका वेळी इतके सामने चालायचे की एका सामन्याचा थर्ड मॅन दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटजवळ उभा दिसे. चेंडू कुठून येईल याचा नेम नसे, गवत घोट्याच्या वर, खेळपट्टी ओली. अशा जागी टिकणारा फलंदाज पुढे वानखेडेवर चिवटपणे उभा राहतो, यात नवल ते काय? मुंबईकर खडूस खेळतात असं बाहेरचे म्हणत, आणि आमच्या घरात तो शब्द कौतुकाचा होता.

आजीचं क्रिकेट रेडिओवरचं. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर तिचे कान तयार झाले होते, त्यामुळे मैदान कधी न पाहता तिला क्षेत्ररक्षणाच्या सगळ्या जागा ठाऊक होत्या. तांदूळ निवडता निवडता ती म्हणे, ‘स्लिप काढली म्हणजे घाबरला तो.’ बरेचदा ते खरं असे.

मे १९९१ मध्ये सुट्टी होती, पुण्याहून आत्याची मुलं आली होती, आणि वानखेडेवर हरियाणाविरुद्ध अंतिम सामना होता. आम्ही सगळी भावंडं दादरहून स्लो गाडीनं चर्चगेटला उतरलो. आईनं डब्यात थालीपीठं दिली होती. शेवटच्या दिवशी जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या. ३४ वर तीन गडी बाद झाले तेव्हा आमच्या मागच्या रांगेतले काही लोक उठून गेले. मग १८ वर्षांचा सचिन आणि वेंगसरकर उभे राहिले. सचिनची ती खेळी ज्यांनी मैदानात बसून पाहिली नाही, त्यांनी तिथली शांतता ऐकायला हवी होती, कारण दर फटक्याच्या आधी सगळं स्टेडियम श्वास रोखून बसे आणि फटका बसला की एकदम उसळे. तो ९६ वर बाद झाला. वेंगसरकर उभाच होता. गडी जात राहिले, शेवटचा अ‍ॅबी कुरुविला आला, आणि त्या उंच, धिप्पाड गोलंदाजाला जपत वेंगसरकरनं तूट तीनवर आणली. तीन धावा. माझा आतेभाऊ पुण्याचा, एरवी मुंबई हरली की खूश होणारा, तोही माझा हात घट्ट धरून बसला होता. कुरुविला धावबाद झाला. मुंबई ३५२ वर संपली, दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद होता आणि तो रडला. समोर कपिल देवचा संघ नाचत होता, आणि त्या कपिलसाठी आम्ही १९८३ मध्ये फटाके वाजवले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्या गावचा संघ ही देशाच्या संघापेक्षा वेगळी, आतली गोष्ट आहे. रात्री सगळ्यांची पानं मांडली गेली, आणि आजोबा एवढंच म्हणाले, ‘वेंगसरकर कर्नल उगाच नाही म्हणत त्याला.’

पुण्याच्या आत्याबद्दल सांगायलाच हवं. तिचं लग्न होऊन ती सदाशिव पेठेत गेली आणि १९७०-७१ च्या मोसमात मुंबई-महाराष्ट्र अंतिम सामना आला. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला. मुंबईचं नेतृत्व सुधीर नाईककडे. आत्यानं सासरची बाजू घेतली. माहेरी तिनं पत्र लिहून तसं कळवलं होतं आणि आजोबांनी ते पत्र जपून ठेवलं. दुय्यम म्हणवल्या गेलेल्या त्या संघानं करंडक राखला. आमच्या घरात सुधीर नाईकचं नाव तेव्हापासून गावसकरच्या बरोबरीनं घेतात. हाच माणूस पुढे वानखेडेची खेळपट्टी सांभाळायचा, २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यासाठीही त्यानंच ती केली.

आत्याकडे मात्र एक हुकमी पान होतं. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा विक्रम ४५२. नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला आणि संघ निघून गेला. ‘आणि निंबाळकरही कसोटी खेळले नाहीत,’ असं म्हणून आत्या काकांकडे पाही. शिवलकरवाल्या घराकडे याला उत्तर नव्हतं. काका एकदा म्हणाले, ‘ताई, हे मान्य.’ आमच्या घरात मुंबई-पुणे वादात एवढं मान्य झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. गावसकर, वेंगसरकर, सचिन यांच्यावर आम्ही जीव टाकला, पण ते सगळ्या देशाचे झाले. कोलकात्यात, चेन्नईत त्यांच्यासाठी आमच्याइतकेच लोक वेडे झाले. जे देशाच्या टोपीपर्यंत पोचले नाहीत, ते आमच्याकडेच राहिले. शिवलकरला निवृत्तीनंतर १९८७-८८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, मुंबईनं परत बोलावलं आणि तो आला. नंतर शिवाजी पार्कवर नेटमध्ये मुलांना शिकवताना तो दिसे. दोन-चार पावलांचा स्टार्ट, खांद्याची एक सैल हालचाल, आणि चेंडू पुन्हा त्याच जागी. काका पाच-पाच षटकं जाळीबाहेर उभे राहून पाहत. २०१७ मध्ये मंडळानं त्याला आणि गोयलला सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा आजोबा नव्हते. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेला, तेव्हा बाबाही नव्हते. काकांनी मला फोन केला आणि बराच वेळ चेपॉकचाच सामना सांगितला.

आमच्या पिढीचा शिवलकर म्हणजे अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये हॅरिस शील्डला सचिन आणि कांबळी ६६४ ची भागी करत असताना हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता. मग १९९३-९४ च्या मोसमात त्याची पाळी आली: हरियाणाविरुद्ध पदार्पणातच २६०, आणि ज्या संघानं आम्हाला दोन धावांनी हरवलं होतं त्याच संघाविरुद्ध! त्याच वर्षी रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली करंडक परत आला. बाबांनी चितळ्यांची बर्फी आणली. मुझुमदारनं पुढे ११ हजारांवर धावा, ३० शतकं केली, २००६-०७ मध्ये पहिले तीन सामने हरलेला संघ त्यानं कर्णधार म्हणून विजेता केला, आणि भारताकडून तो एकही सामना खेळला नाही. आमच्या भावंडांत या विषयावर अजूनही आवाज चढतात.

मुंबई इंडियन्सबद्दल विचाराल, तर मी त्यांचा चाहता आहे आणि मनापासून आहे. २००८ मध्ये काका म्हणाले होते, लिलावात विकत घेतलेला संघ आपला कसा? मला ते पटलं नाही. बोरिवलीचा रोहित, चेंबूरच्या अणुशक्तीनगरचा सूर्यकुमार हे घरचेच. आणि श्रीलंकेचा मलिंगा? आयपीएलमध्ये तो फक्त मुंबईकडूनच खेळला, १७० बळी घेतले, २०१९ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर शार्दूल ठाकूरला पायचीत करून एका धावेनं जिंकून दिलं. तेव्हा काकांनीच टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याआधी २०१७ चा अंतिम सामना तर आमच्या घरासाठीच ठेवल्यासारखा होता: समोर रायझिंग पुणे सुपरजायंट, मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. आत्यानं फोन उचलला नाही. तो संघ दोनच मोसम टिकला, आणि पुण्याला पुन्हा स्वतःचा आयपीएल संघ मिळावा असं मला खरंच वाटतं, कारण भांडायला समोर कुणीतरी हवं.

एक गोष्ट मात्र मला सहन झाली नाही. रोहितनं पाच विजेतेपदं दिली, त्याचं कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याकडे दिलं, याचा राग मलाही आला. पण एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली. राग व्यवस्थापनावर काढावा, बॅट घेऊन मैदानात उतरलेल्या आपल्या माणसावर नाही. रोहितनं हातानं खुणावून लोकांना थांबायला सांगितलं. घरच्या प्रेक्षकांना हे खेळाडूला सांगावं लागलं, याचं मला वाईट वाटलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईनं ४२ वा रणजी करंडक जिंकला होता. तिथे मात्र वातावरण वेगळं. कसोटी न खेळलेला, निवृत्त होणारा धवल कुलकर्णी; शेवटचा बळी त्याचाच, उमेश यादव त्रिफळाचीत. काका ८१ चे, जिने चढताना दोनदा थांबले, पण आले होते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार होता. त्या रात्री भावंडांचे फोन पहाटेपर्यंत चालले. पुण्याहून आत्यानं स्वतः फोन करून विचारलं, ‘तुमचा तो अमोल ना रे?’ हो म्हणताना माझा आवाज भरून आला.

हल्ली वानखेडेवर किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात रणजी सामना असला की मी भाच्याला नेतो. तो १५ वर्षांचा आहे आणि त्याचा लाडका खेळाडू सिद्धेश लाड. रोहितला घडवणाऱ्या दिनेश लाड सरांचा मुलगा, मधे गोव्याकडून खेळून परत मुंबईकडे आलेला, डाव कोसळला की हमखास उभा राहणारा. भारताकडून त्याला अजून बोलावणं नाही. परवा जेवताना भाचा हे सगळं आकड्यांसकट सांगू लागला. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं, पण तुला शिवलकरचे बळी किती माहीत आहे का?’

‘५८९,’ भाचा म्हणाला, आणि पुन्हा लाडवर आला.