लहान मोटारींतील गाणें

लहान मोटार विकत घ्यावयास गेलें म्हणजे विक्रेता आपणांस तिचा रंग दाखवितो, लिटरमागें ती किती किलोमीटर जाते तें सांगतो आणि शेवटीं एक कळ दाबून गाणें लावून देतो. तें गाणें न आवडल्यामुळें कोणी मोटार नाकारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दारांतले ते स्पीकर बहुधा हलके व स्वस्त असतात, आणि त्या घटकेस गिऱ्हाइकाचें लक्ष हप्त्यांकडे असतें.

आमच्या घरीं ह्या विषयास तोंड फुटलें तें निराळ्याच कारणानें. आमचे तीर्थरूप नाना 78 वर्षांचे आहेत. नाट्यसंगीत हा त्यांचा जन्माचा छंद. अलीकडे त्यांस आवाज ऐकूं येतो, पण शब्द लागत नाहींत. वार्धक्यांत कानाची शक्ति जाऊं लागते ती बहुतकरून उंच स्वरांपासून, आणि 'स', 'श', 'त' ह्या व्यंजनांची ओळख तर त्या उंच भागांतच असते. 'सात' आणि 'हात' त्यांस सारखेच. कर्णयंत्राचें नांव काढलें कीं नाना उठून देवघरांत जात. जेवणाच्या पंगतीस त्यांनीं बोलणें जवळजवळ सोडलें होतें, आणि हेंच घरांतल्या मंडळींस अधिक लागत असे. वर्षातून एकदां आम्ही गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास मोटारीनें जातों. वाटेंत नाना "आवाज वाढवा" म्हणत. वाढविला कीं दारें थरथरत, मुलें कान झांकून घेत, आणि शब्द लागत नसत ते नसतच.

धाकट्या बंधूंनीं स्पीकर बदलण्याची गोष्ट काढली तेव्हां वहिनींनीं विचारलें, "यंत्र कानाला हवें कीं मोटारीला?" प्रश्न रास्त होता. तरीहि बंधूंनीं तो बेत तडीस नेला.

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें 20 पासून 20,000 पर्यंत कंपनें कळतात. काळी एकच्या षड्जाचीं सुमारें 139, त्याच्या खर्जाचीं 69. टाळांचा किणकिणाट मात्र हजारोंच्या घरांतला. हें सर्व एकाच पडद्याकडून करवून घेणें म्हणजे पखवाज आणि टाळ एकाच माणसाच्या हातीं देण्यासारखें आहे. सुधारलेल्या संचांत ह्या कामाची वांटणी असते. खालच्या स्वरांचा मोठा वूफर दारांत बसतो, वरच्या स्वरांचा चिमुकला ट्वीटर आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीवर. दोहोंमध्यें क्रॉसओव्हर नांवाची डबी असते. तिच्यांतील तारेचें वेटोळें उंच कंपनांस वूफरकडे जाऊं देत नाहीं आणि कपॅसिटर खालच्या कंपनांस ट्वीटरकडे. उंच स्वर दिव्याच्या झोताप्रमाणें सरळ जातात. दारांतला स्पीकर पोटरीशीं असल्यामुळें ते आसनांत व कपड्यांत जिरून जात. ट्वीटर वर आल्यानें ते कानाकडे येतात.

विकत घेण्याचें काम सोपें. वेळ मोडतो तो दारांत. जाहिरातींतील शेंकडों वॅटांना भुलूं नये. मोटारीचा मूळचा डेक दर स्पीकरास खरे 15 ते 20 वॅटच देतो, तेव्हां तेवढ्यांत मोकळेपणानें बोलणारा संच निवडावा. पडदा हवा पुढें ढकलतो तसाच मागेंहि ढकलतो. दाराच्या आंतल्या पत्र्यास भोकें असलीं तर मागची लाट पुढचीस मिळून खर्ज गिळून टाकते. म्हणून तीं भोकें बुजवून पत्र्यास ब्युटिल रबराच्या चिकट पट्ट्या लावावयाच्या. तळाचीं छिद्रें मात्र उघडींच राहिलीं पाहिजेत, कारण कांचेवरून उतरणारें पावसाचें पाणी दाराच्या पोटांतूनच खालीं जातें. स्पीकर धरणारें कडें दाबलेल्या भुशाचें घेतलें तर कोंकणांतल्या पावसाळ्यांत तें फुगावयाचेंच. कांच पुरती खालीं उतरवून ती लोहचुंबकास घासत नाहीं ना, हें स्क्रू आवळण्यापूर्वीं पाहावें. मिस्त्री मूळच्या तारा कापावयास निघाला होता. बंधूंनीं तयार जोडणी आणून त्या वांचविल्या. एवढें करून त्यानें डाव्या वूफरच्या तारा उलट जोडल्याच! गाणें पोकळ लागूं लागलें. बंधूंनीं वूफर सोडवून त्यास दीड व्होल्टाचा सेल क्षणभर लावून पाहिला: उजव्या बाजूचा पडदा बाहेर सरके, डावीकडचा आंत. तारांची अदलाबदल होतांच खर्ज परत आला.

पुढच्या फेरीस कुंभार्ली घाट उतरतांना 1967 सालच्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकांतील वसंतराव देशपांड्यांचें गाणें लावलें होतें. नानांनीं हात वर केला. आम्हांस वाटलें, आवाज वाढवा म्हणणार. पण त्यांनीं तो कमी करावयास सांगितला, आणि मागें बसून चुकीचा शब्द गुणगुणणाऱ्या नातवास खरा शब्द सांगितला. मागाहून बालगंधर्वांची एक जुनी तबकडी लावली. तेथें मात्र नवा संच उपयोगी पडला नाहीं. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत उंच स्वर आलेलेच थोडे, त्यामुळें ट्वीटरनें सुईची खरखर तेवढी स्वच्छ ऐकविली. नानांनीं ती तशीच शेवटपर्यंत ऐकली. त्यांस ते शब्द पाठ आहेत.

चिपळूण येईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. मग एकाएकीं वहिनींस विचारते झाले, "येथें शब्द लागतात, मग घरांत कां लागत नाहींत?"

"घरांत आमच्या तोंडाला ट्वीटर नाहीं, नाना," वहिनी म्हणाल्या.

परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यांत ते आपण होऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीच्या आलेखावरची रेघ उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे, घाटासारखी उतरत गेलेली होती. यंत्र आतां कानाला आहे. मोटारींत बसलें म्हणजे मात्र नाना तें काढून समोरच्या कप्प्यांत ठेवतात, आणि उतरतांना तें घेतलें कीं नाहीं हें पाहण्याचें काम वहिनींकडे आलें आहे.