रिकाम्या रकान्यांचा हिशेब

रावेर-यावल भागातल्या काही केळी उत्पादकांनी आपल्या बागांच्या नोंदी माझ्याकडे दिल्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती: निसवणीच्या वेळी बुंध्याचा घेर एक सेंटिमीटरने जास्त असला, तर घडाचं वजन किती किलोने वाढतं? मृगबाग आणि कांदेबाग वेगळे धरायचे, जमिनीतलं पालाश लक्षात घ्यायचं आणि आकडा सांगायचा. संख्याशास्त्र मी कधी शिकलेली नाही. ‘आर’ नावाची फुकट मिळणारी संगणकप्रणाली घेतली, रिग्रेशनचा, म्हणजे बाकीच्या रकान्यांवरून वजनाचा अंदाज काढण्याचा, आदेश दिला आणि उत्तर लगेच आलं. त्याच्या तळाशी बारीक ओळ होती, अपुऱ्या नोंदी वगळल्याची. कोणाच्या वगळल्या ते शोधलं, तर बहुतेक दोन-तीन एकरवाले. त्यांनी माती तपासलेली नव्हती. पालाशचा एक रकाना रिकामा, म्हणून शेतकरी पूर्ण बाहेर.

हे मला पटेना. ज्यांच्यासाठी आकडा काढायचा, तेच हिशेबात नाहीत! धुळ्याला माझा आतेभाऊ संख्याशास्त्र शिकवतो. त्याला फोन लावला. “काय व्हयनं?” म्हणाला. मी विचारलं, “दादा, रिकाम्या जागी सगळ्यांची सरासरी भरू का?”

“भरशील. पण संगणक तो आकडा मोजलेलाच समजेल आणि उत्तर आहे त्याहून खात्रीचं दाखवेल.”

मग त्याने पानसे आणि सुखात्मे यांचं नाव काढलं. शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५४ चं, भारतीय कृषी संशोधन परिषदेचं. त्यातले पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. प्रयोगातला एखादा वाफा वाया गेला तर त्याचं उत्पन्न गणिताने कसं भरायचं, हे फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. तेव्हाच्या लोकांनाही भरलेला आकडा नवी माहिती देत नाही याची जाणीव होती. तेवढी वजावट ते हिशेबात करत. डोनाल्ड रुबिन यांनी १९८७ च्या पुस्तकात पुढची वाट मांडली: रिकामी जागा एकदाच भरू नका, अनेकदा भरा, आणि दर वेळी थोडी वेगळी.

त्यासाठी ‘आर’मध्ये ‘माइस’ नावाचं पॅकेज आहे. ते बाकीचे रकाने बघून पालाशचा संभाव्य आकडा सुचवतं आणि त्यात मुद्दाम थोडा चढउतार ठेवतं. एका तक्त्याचे पाच किंवा वीस पूर्ण तक्ते होतात. दादाने दोन गोष्टी बजावल्या. जमिनीचं क्षेत्र आत हवंच, कारण माती कोणी तपासली नाही हे त्याच्याशी बांधलेलं आहे. आणि घडाचं वजनही आत हवं. इथे मी अडले. ज्या वजनाचा अंदाज करायचा, तेच पालाश भरायला कसं वापरायचं? तो म्हणाला, वजन वगळलं तर भरलेल्या पालाशचा वजनाशी संबंधच उरणार नाही, आणि खरा संबंध पुसट दिसेल.

खरा गोंधळ पुढे. ‘विथ’ आदेशाने प्रत्येक तक्त्यावर रिग्रेशन चालवलं आणि ‘समरी’ मागितली. पडद्यावर उत्तरांची रांगच लागली. प्रत्येकाचा सहगुणक, म्हणजे घेर एक सेंटिमीटरने वाढला तर वजन किती किलोने वाढतं तो आकडा, निराळा; पी-मूल्य, म्हणजे खरा संबंध नसतानाही एवढा संबंध दिसण्याची शक्यता, निराळं. शेतकऱ्यांना यातलं कोणतं सांगू? सगळ्या पी-मूल्यांची सरासरी काढू का, असं विचारलं. “ती नाही काढायची. आधी ‘पूल’, मग ‘समरी’.”

‘पूल’ आत काय करतं ते त्याने वहीवर करायला लावलं. समजा, पाच तक्त्यांत घेराचा सहगुणक ०.३०, ०.३४, ०.२८, ०.३६, ०.३२ आला. त्यांची सरासरी ०.३२, अंतिम सहगुणक हाच. प्रत्येकाचा स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप, समजा ०.०५. त्याचा वर्ग ०.००२५, हे तक्त्याच्या आतलं प्रचरण. पाच सहगुणक आपापसांत जेवढे विखुरलेत, ते तक्त्यांमधलं प्रचरण: ०.००१. त्याला एक अधिक एक-पंचमांशाने, म्हणजे १.२ ने गुणायचं, कारण तक्ते पाचच आहेत. बेरीज ०.००३७, वर्गमूळ साधारण ०.०६१. म्हणजे ०.०५ चा स्टँडर्ड एरर ०.०६१ झाला. एकूण प्रचरणाचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा न मोजलेल्या मातीमुळे आलेला! आपल्याला काय माहीत नाही याचंसुद्धा माप निघतं, हे मला त्या वहीत पहिल्यांदा दिसलं आणि मी ते गणित पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

मग ‘समरी’ला विश्वासांतर दाखवायला सांगितलं आणि एकच आटोपशीर तक्ता मिळाला: सहगुणक, स्टँडर्ड एरर, पी-मूल्य, खालची-वरची मर्यादा. आर-वर्ग, म्हणजे वजनातला किती फरक या रकान्यांवरून समजतो याचं माप, मात्र त्यात नव्हता. त्यासाठी ‘पूल’चाच वेगळा आदेश आहे आणि तो साधी सरासरी काढत नाही, आकड्यांचं रूप बदलून मग त्यांना एकत्र करतो. ‘पूल’च्या पोटात आणखी एक रकाना सापडला, ‘एफएमआय’: गहाळ नोंदींमुळे त्या सहगुणकाबद्दलची किती माहिती हरवली, ते सांगणारा. माझ्या तक्त्यात तो पालाशच्या ओळीला सर्वांत मोठा आहे. घेराचा आकडा मी मर्यादांसह शेतकऱ्यांना देणार आहे. पालाशबद्दल मात्र आत्ताच काही सांगणार नाही. संगणकाने भरलेल्या जागा म्हणजे कोणाच्या शेतातली माती नव्हे. येत्या मृगबागेच्या लागवडीआधी त्या दोन-तीन एकरवाल्यांच्या मातीचे नमुने तपासायला द्यायचे आहेत, आणि त्यांची यादी मी त्याच वगळलेल्या ओळींवरून केली आहे.