बडे मियाँ

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पिंजरा आहे? मी वर्गात असे विचारते, तेव्हा दोन-चार हात वर जातात आणि लगेच खालीही येतात. तोता पाळणे कायद्यात बसत नाही, हे आता मुलांनी कुठेतरी ऐकलेले असते. आपण ज्याला तोता म्हणतो, त्याला मराठीत पोपट किंवा राघू म्हणतात. आमच्या घरीही एके काळी एक राघू होता. आधी त्याची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट तुम्हांला नीट कळणार नाही.

मी तेव्हा पाचवीत होते. नांदेडच्या आमच्या घरी भाईजानने बाजारातून राघूचे एक पिल्लू आणले. पहिले दोन महिने आम्ही भावंडे त्याच्याभोवतीच असायचो. मग शाळा, खेळ, परीक्षा. पिंजरा व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगलेला राहिला. दाणापाण्याचे काम माझ्याकडे होते. मे महिन्यात आम्ही लातूरला नानींकडे जायला निघालो. “शेजारी सांगून ठेव,” असे अम्मीने मला दोनदा बजावले. मी ‘हो’ म्हटले आणि विसरले. आठ दिवसांनी परत आलो, तेव्हा पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत होती. नांदेडचा मे महिना कसा असतो, हे तुम्हांला सांगायला नको. मी अम्मीला म्हणाले, “शेजारचे विसरले असतील.” हे खोटे मी पंचवीस वर्षे जपून ठेवले.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लातूरला गेलो होतो. माझी मुलगी बोलणाऱ्या पोपटासाठी हट्ट धरून बसली होती. मामू आम्हांला एका निवाऱ्यात घेऊन गेले. जखमी आणि लोकांनी टाकून दिलेल्या पक्ष्यांची तिथे देखभाल होत असे. एका मोठ्या जाळीत पाच-सहा राघू होते.

“यातला एक मिळेल का?” मी विचारले.

तिथले काका हसले. “नाही मॅडम. हे आपल्या रानातले पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यांना विकत घेता येत नाही, घरात ठेवताही येत नाही. यांची कापलेली पिसे नव्याने येतील, मग यांना उडायचे आहे.” थोडे थांबून त्यांनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवले. “तो मात्र नेता येईल. पण त्याला कोणी नेत नाही.”

तो कॉकटिएल होता. बाजारात त्याला सरळ ‘कॉकटेल’ म्हणतात. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडचे कॉकटिएल पिंजऱ्यातच जन्मतात. मोकळे सोडले, तर त्यांना इथे अन्न शोधता येत नाही आणि शिकाऱ्यापासून जीव वाचवता येत नाही. याच्या छातीवर एकही पीस नव्हते. एकटेपणाने आणि कंटाळ्याने त्याने ती स्वतःच उपटली होती. डोक्यावरचा पिवळा तुरा तेवढा शाबूत होता, कारण तिथे स्वतःची चोच पोहोचत नाही! आधीच्या घरी त्याला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया मिळत. बसायला एकच गुळगुळीत दांडी होती, त्यामुळे पायांना फोड आले होते. वय दहाच्या पुढे असावे, असे काका म्हणाले. नीट सांभाळले, तर कॉकटिएल पंधरा-वीस वर्षे जगतो.

मुलगी म्हणाली, “हा तर म्हातारा आहे!” मला मात्र व्हरांड्यातली ती कोरडी वाटी आठवली.

खोक्याला भोके पाडून आम्ही त्याला एस.टी.ने नांदेडला आणले. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी घरी पोहोचेपर्यंत आतून चकार शब्द आला नाही. अम्मी खोक्यात डोकावली आणि म्हणाली, “अगं, हा तर कोणी बडे मियाँ दिसतो!” तेच त्याचे नाव पडले.

तुम्हांला वाटेल, आता तो लगेच माझ्या खांद्यावर बसू लागला असेल. तसे काही झाले नाही. हात जवळ नेला, की तो तुरा मागे चिकटवून फुसकारे. दोनदा त्याने माझे बोट फोडले. बाजरी, राळे, किसलेले गाजर, मेथीची पाने असे सगळे मी ठेवत असे, पण गाजराला त्याने तीन आठवडे चोचही लावली नाही. गुळगुळीत दांडी काढून मी लिंबाच्या झाडाची कमी-जास्त जाडीची फांदी बसवली. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवला, कारण फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

मग २१ मार्च २०२४ चा दिवस उजाडला. रमजान चालू होता. सहा वाजून गेले होते आणि आम्ही जागेच होतो. एकदम भांडी खडखडली. हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला होता, त्याचे हादरे नांदेडपर्यंत आले. बडे मियाँ पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटू लागला. पंखाचे एक कोवळे पीस तुटून रक्त आले. पक्ष्यांना भूकंप आधी कळतो म्हणतात. आमच्या बडे मियाँला तरी तो आमच्याबरोबरच कळला.

अम्मी पांढरीफटक पडली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही लातूरला नानींकडे होतो. मी चार वर्षांची होते. कोणीतरी मला गोधडीसकट बाहेर नेले, एवढेच मला आठवते. अम्मीला सगळे आठवते. पिंजरा उचलून आम्ही अंगणात आणला आणि दोघी जमिनीवर बसलो. रक्त थांबेपर्यंत मी पिसाच्या मुळाशी कापूस धरून होते. त्या दिवशी तो चावला नाही.

तिथेच मी अम्मीला राघूबद्दल खरे सांगून टाकले.

“मला ठाऊक होते,” अम्मी म्हणाली. “मी त्याच दिवशी शेजारी विचारले होते. तू सांगशील, म्हणून वाट पाहत होते.”

आता त्याच्या खोलीत रात्रभर झिरोचा दिवा असतो, कारण कॉकटिएल अंधारात दचकतात. छातीवर थोडी राखाडी लव आली आहे. पूर्ण पिसे कदाचित येणार नाहीत. माझ्या हातावर तो अजून क्वचितच येतो, अम्मीच्या मनगटावर मात्र बसतो. गेल्या पावसाळ्यात तो कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल शिकला. अम्मीने बाहेरून तीन शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद केला. त्यातल्या दोन बडे मियाँच्या होत्या. त्या दुपारी आम्ही कच्ची डाळ खाल्ली.