साठ आणि आठ

गावात बैठक आटोपली, चहा झाला, की हल्ली एखादा पोरगा हळूच जवळ येतो आणि विचारतो, "साहेब, हॅण्डफ्री कोणती घ्यावी?" कापसाच्या वाणाबद्दल विचारावे तसे विचारतो. पूर्वी मी हसून सोडून देत असे. शेतीखात्याच्या माणसाचा आणि कानात घालायच्या यंत्राचा संबंध काय? पण आता मी बसून सविस्तर सांगतो. कारण या दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूची पारख करता करता मला माझीच एक गोष्ट कळली. ती कळण्यापूर्वी एका शेतकऱ्याचे एक वर्ष माझ्यामुळे वाया गेले होते. ती हकिकत आधी सांगतो.

२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अक्राणी तालुक्यातल्या डोंगरपाड्यावरच्या एका दादांचा फोन आला. त्या पाड्यात रेंज नाही. फोन करायचा तर वरच्या टेकाडावर एका ठरावीक दगडाशी जाऊन उभे राहावे लागते. धडगावकडचा आमचूर आपण सगळे जाणतोच. त्यांच्याकडेही गावठी आंब्याची जुनी झाडे होती. आता त्यांना कलमे लावायची होती. वारा सुटला होता, आवाज तुटत होता. मी विचारले, "किती कलमे पाहिजेत?" ते म्हणाले ते मी ऐकले आणि वहीत लिहून घेतले: आठ.

पावसाळा लागला, रोपवाटिकेतून कलमे आली, दादा ती न्यायला खाली आले. कलमे पाहून ते गप्पच उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, खड्डे साठ आहेत."

घरच्या चार माणसांनी मे महिन्याच्या उन्हात, मुरमाड जमिनीत, मीटर बाय मीटरचे साठ खड्डे खणले होते. दहा-दहा मीटरवर आखणी केलेली. तळाशी पालापाचोळा आणि शेणखत घातलेले. तोवर रोपवाटिकेतली कलमे संपली होती. दादांनी तक्रार केली नाही. आठ कलमे टोपलीत ठेवली आणि चालू लागले. तक्रार केली असती तर मला बरे वाटले असते.

मी दोष फोनला दिला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर आवाजाचा फक्त मधला पट्टा जातो, सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीतले, दणकट. ते कसेही पोचतात. पण 'स' हा नुसता वाऱ्याचा सूर. त्याचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. 'साठ'मधला 'स' गळाला की 'आठ' उरतो, 'सात'मधला गळाला की 'आत'. आणि 'ऊस' म्हणावे तर पलीकडच्याला 'ऊ' ऐकू येते! नव्या फोनवर रेंज चांगली असली तर पट्टा रुंद मिळतो. पण टेकाडावरच्या दगडापाशी तो कुठला मिळणार?

तेव्हा ठरवले, की फोन कानाला धरून ऐकायचे नाही, कानात घालून ऐकायचे. त्या दोन-तीन महिन्यांत मी तीन नग घेतले. एक आठवडे बाजारात चादरीवरच्या ढिगातून, ८० रुपयांना. दुसरा तालुक्याच्या मोबाईल दुकानातून, २५० ला. तिसरा नंदुरबारहून, ४५० ला. घरी म्हणाले, साहेबांना म्हातारपणी पोरकटपणा सुचला.

आधी बसणीचे सांगतो, कारण निम्मी मेख तिथेच आहे. कानात जाणाऱ्या भागाला मी बोंड म्हणतो. त्यावर रबरी टोपी असते. बऱ्या नगाबरोबर लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन जोड्या मिळतात. बहुतेक लोक वरची पिशवी फेकतात, तिच्याबरोबर त्या टोप्याही जातात. टोपी कानात घट्ट बसली नाही, की आवाजाचा खालचा भरदार भाग बाहेर निसटतो आणि माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटते. मग आपण आवाज वाढवतो. दोष टोपीचा, शिक्षा कानाला! बोंड उजव्या कानात घालायचे तर डाव्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, मग घालावे. काही न लावता तोंड चावल्यासारखे हलवावे. आपल्याच जबड्याचा आवाज डोक्यात घुमला तर बसणी बरोबर. मला उजव्या कानाला मध्यम टोपी लागते, डाव्याला लहान. ८० रुपयांच्या नगाला एकच माप होते, ते कानाला रुतायचे. ४५० वाल्याचे बोंड धातूचे, दिसायला देखणे. पण जड असल्याने चालताना निसटायचे.

बांधणीचे म्हणाल तर आपली पाणबुडी मोटार आठवा. केबल मधोमध कधी तुटते का? ती जाते सांध्यापाशी. इथेही तसेच. तार पिनेपाशी तुटते, नाहीतर बोंडाच्या मानेपाशी. तिथे तारेभोवती रबराचा लवचिक गळा असला पाहिजे. दुकानातच गाणे लावून पिनेजवळची तार चिमटीत हळू फिरवावी. खरखर आली की नग परत. कापडी वेष्टनाची तार मजबूत दिसते, पण सदऱ्याच्या कॉलरला घासली की तो घासण्याचा आवाज थेट कानात येतो. तार बोटांभोवती आवळून खिशात कोंबू नये; मोठे सैल वेटोळे करावे. आणि विकत घेण्यापूर्वी आपला फोन पाहावा. पुष्कळ नव्या फोनांना गोल पिनेचे भोकच नसते. त्यांना चार्जिंगच्या भोकात जाणारी पिन लागते.

८० रुपयांचा नग मी मोटारसायकलच्या डिकीत विसरलो. उन्हाने डिंक सुटला आणि बोंडाची दोन शकले झाली. आत पाहिले तर शर्टाच्या बटणाएवढा लोहचुंबक, केसाएवढ्या तारेचे वेटोळे आणि त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. झाले, एवढेच! वेटोळ्यातून वीज गेली की पडदा थरथरतो आणि आपल्याला माणूस बोलताना ऐकू येतो. मी बराच वेळ ते तळहातावर घेऊन बसलो होतो.

नग फुटण्याआधी त्याच्या आवाजाची परीक्षा झाली होती. ती मी गाण्यावर घेतली नाही. मुलीला सांगितले, फोनमध्ये बोलून ठेव: आठ, साठ, सात, आत, ऊस, ऊ, कशाही क्रमाने. एकेक नग लावून मी ऐकायचे आणि लिहायचे, ती तपासणार. ८० रुपयांच्या नगात नुसती धमधम. काठीच्या होळीचा ढोल ऐकायला तो उत्तम, पोरांना आवडेल. पण ढोलाखाली शब्द चेंगरून जात होते. ४५० वाला उलट टोकाचा. त्यात 'स' शिट्टीसारखा टोचायचा. २५० वाला मधला. त्यात ढोल जरा मवाळ, पण माणूस समोर बसून बोलतोय असे वाटे. तोच मी ठेवला.

मात्र एक गोष्ट जुळेना. तिन्ही नगांचे डावे बोंड मला मंद वाटत होते. २५० वाला तर मी दुकानदाराकडून बदलून आणला. त्याने बिचाऱ्याने काही न बोलता दुसरा दिला. त्याचेही डावे मंद! हल्ली सगळा माल असाच, असे मी घरी येऊन ऐकवले. मुलगी म्हणाली, "बाबा, उलटे घालून पाहा ना. डावे उजव्या कानात घाला."

डावे बोंड उजव्या कानात घातले. साठ, सात, ऊस, सगळे स्वच्छ. उजवे डाव्यात घातले. आठ, आत, ऊ.

जिल्हा रुग्णालयात कान तपासून घेतला. कानावर भोंगा लावून बारीक-बारीक सूर ऐकवतात आणि त्याचा आलेख काढतात. माझ्या उजव्या कानाची रेघ वयाच्या मानाने ठीक होती. डाव्याची रेघ ३,००० हर्ट्झनंतर कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. डॉक्टरांनी विचारले, "ट्रॅक्टर चालवत होतात का?" मी थक्क झालो. आमचे घर शहाद्याकडचे. बारावीपासून नोकरी लागेपर्यंत वडिलांचा ट्रॅक्टर मीच चालवला. नांगराकडे लक्ष ठेवायला मान उजवीकडून मागे वळवून बसायचे, म्हणजे डावा कान तासन्‌तास इंजिनासमोर. ट्रॅक्टरवाल्यांचा बहुधा डावाच कान आधी जातो म्हणे. गेलेला तो भाग परत येत नाही. आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की नव्या उगवत नाहीत.

म्हणून त्या विचारणाऱ्या पोरांना एक गोष्ट मी जरा कडकच सांगतो. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. त्यावर मात करायला तुम्ही कानातले गाणे त्याहून मोठे करता. जागतिक आरोग्य संघटनेचे माप असे, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. ९० ला चार तास धरा. नांगरटीचा अर्धा दिवस! शिवाय मागून कोणी ओरडले तर ऐकू येत नाही ते वेगळेच. हातभर अंतरावरचा माणूस साध्या आवाजात बोललेला कळला नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे. फवारणी करताना तर बोंडे कानात नकोतच. औषधाच्या हाताने ती शंभर वेळा नीट करता, आणि कानाच्या आतली कातडी नाजूक असते. रबरी टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, वाळवून बसवाव्यात. जाळी कोरड्या ब्रशने झाडावी. दुसऱ्याच्या कानातले आपल्या कानात घालू नये, भावाचेसुद्धा.

माझ्या लहानपणी वडिलांच्या ट्रान्झिस्टरबरोबर कातडी पिशवी आणि एकाच कानात घालायचे एक बोंड आले होते. बाजारभाव लागले की ते कानात घालून वडील ओट्यावर बसत. कोणत्या कानात घालत, ते मी आता आठवून पाहतो. उजव्याच. आयुष्यभर ट्रॅक्टर त्यांनीही चालवला होता.

२०२४ च्या पावसाळ्यात ५२ कलमे गाडीत घालून मी स्वतः त्या पाड्यावर गेलो. गाडी जाईल तिथवर गाडीने, पुढे दादा आणि त्यांची मुले डोक्यावर घेऊन. आदल्या पावसाने खड्डे गाळाने भरले होते. मुलांनी ते पुन्हा उपसून ठेवले होते. काही खड्ड्यांच्या कडेने दादांनी तूर टोकून घेतली होती, म्हणजे जागा अगदीच पडीक राहिली नव्हती. पहिल्या आठांपैकी सात कलमांना नवी तांबूस पालवी होती. मी चूक कशी झाली ते कानाला हात लावून सांगितले. दादा म्हणाले, "एवढंच होय? मला वाटलं, माझंच मराठी कच्चं."

आता ते फोन करतात तेव्हा मी उजव्याच कानात बोंड घालून बोलतो, आणि ते आकडा दोनदा सांगतात. परवा खताच्या गोण्यांसाठी फोन आला. "साहेब, सात. सहाच्या पुढचे. वरच्या आठचे नाही." मागे मुले हसत होती, तेही मला नीट ऐकू आले.