केदार नावाचं क्रियापद

स्पॅनिशमध्ये एक क्रियापद आहे, त्याचा उच्चार आपल्या केदारसारखाच. अर्थ राहणं, उरणं. पुण्याच्या क्लासात ते पहिल्यांदा फळ्यावर आलं तेव्हा मागच्या बाकावरचा खराखुरा केदार आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होता. पुढे ह्याच क्रियापदावरून मी एका म्हातारीला गप्प केलं. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

२००८च्या जानेवारीत मी स्पेनमधल्या सालामांकाला गेले, पाच महिन्यांसाठी. सकाळी भाषेचे तास आणि राहायला एका विधवा बाईंचं घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, लग्न होऊन वायादोलिदला गेलेल्या मुलीची खोली. घरमालकिणीला मी शेवटपर्यंत सेन्योराच म्हणत होते, इथेही तेच म्हणते. पहिल्या दिवशी मी तिला ‘उस्तेद’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणाले, तर तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग आम्ही ‘तू’वर आलो. तिकडचं ‘तू’ही कानाला आपल्या ‘तू’सारखंच. आई-आजीला अगं-तूगं करणाऱ्या मराठी माणसाला ते जड जात नाही.

कास्तीलमधले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात, नऊ महिने इन्व्हिएर्नो आणि तीन महिने इन्फिएर्नो; म्हणजे नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ आठशे मीटरवर. त्या थंडीवर सेन्योराकडे उपाय होता तो ‘मेसा कामिया’ नावाच्या गोल टेबलाचा. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाडजूड कापड, आणि खाली पायांजवळ विजेची शेगडी. पूर्वी तिथे कोळशाची असायची. कापड मांडीवर ओढून घ्यायचं आणि पाय आत सोडायचे. टेबलालाच गोधडी पांघरलेली. माझा सगळा गृहपाठ त्या गोधडीत झाला. समोर सेन्योरा मसूर निवडत बसायची. शहराच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा सपाट मुलूख आहे, तिथला मसूर सगळ्या स्पेनमध्ये नावाजलेला. तमालपत्र आणि धुरावर वाळवलेल्या मिरचीची लाल पूड घालून ती तो तासभर मंद शिजवायची आणि दुपारी तीनला ताटात वाढायची. मी मांस खात नाही म्हटल्यावर तिनं त्यातला चोरिसो उचलून बशीत ठेवला आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. तिच्या लेखी डाळ आता शुद्ध झाली होती. मी कराडकडची, अख्ख्या मसुरावर वाढलेली. एकदा वरून लसणीची फोडणी ओतली तर तिनं शून्य अंशात सगळ्या खिडक्या उघडल्या. पण खाल्लं मात्र दोनदा मागून.

दिवसभर ती बोलायची. आणि मी, भाषा शिकायला आलेली, तिचा शब्द न् शब्द उचलायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. वर्गात ‘काल काय घडलं’ यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, काल मी चावी घरी विसरले. (चावी आपल्याकडे पोर्तुगीज ‘शावे’वरून आली, आणि स्पॅनिश ‘याबे’ तिची सख्खी बहीण, मूळ लॅटिन एकच.) ‘विसरले’साठी मी सेन्योराचं क्रियापद वापरलं होतं: केदे लास याबेस एन कासा. बाईंनी ‘केदे’भोवती लाल गोल काढला. म्हणाल्या, केदार म्हणजे राहणं. चावी राहील, तू राहशील, पण तू चावीला कशी राहशील? इथे ‘देखार’ हवं, ठेवणं, सोडणं. मग जरा हसून विचारलं, हे शिकलीस कुठे?

मला ती चूक वाटलीच नव्हती. आपण म्हणतोच की, ‘चावी घरी राहिली’. सेन्योरा फक्त एक पाऊल पुढे जाऊन ‘मी चावी राहिली’ म्हणायची, एवढंच. तसंच ‘काएर’चं. काएर म्हणजे पडणं. आपल्याकडे पडणं वेगळं, पाडणं वेगळं. ती एकाच शब्दात दोन्ही भागवायची.

सालामांका हे गावच तसं शिस्तीचं. विद्यापीठ १२१८चं. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला एक बेडूक आहे. तो शोधणारा विद्यार्थी पास होतो अशी समजूत, म्हणून बाहेर कायम माना वर केलेली गर्दी. आंतोनियो दे नेब्रिखा इथेच शिकला, इथेच त्यानं शिकवलं, आणि त्याचं कास्तीलच्या भाषेचं पहिलं व्याकरण १४९२ साली छापलं गेलं तेही इथेच. कोलंबस निघाला ते वर्ष. अशा गावात लाल गोल मिळवून मी घरी आले, आणि नवं शिकलेलं माणूस जसं असतं तशी आले.

त्या रात्री जेवताना तिच्या हाताचा धक्का लागून पेला पडला. फुटला नाही, पाणी मात्र टेबलभर झालं. ‘आय, ए काइदो एल बासो!’ ती म्हणाली. मी फडका आणायच्या आधी तिचं वाक्य दुरुस्त केलं. ‘से मे आ काइदो’ म्हणतात, मी सांगितलं, म्हणजे माझ्या हातून पडला. काएरला कर्म लागत नाही. आणि केदारलाही नाही. आमच्या बाईंनी सांगितलंय.

ती फडक्यानं टेबल पुसत राहिली. कडेपर्यंत पुसलं, मग टेबलाच्या कापडाचा भिजलेला काठ दोन्ही हातांनी पिळला. ‘तू शिकलेली आहेस,’ असं काहीतरी म्हणाली. रागानं नाही, आणि म्हणूनच ते मला तेव्हा कळलं नाही. तिचं माहेर पोर्तुगालच्या सरहद्दीकडचं एक खेडं. दहाव्या वर्षी शाळा सुटली होती. यादवीनंतरची उपासमारीची वर्षं होती ती.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी जपून बोलू लागली. वाक्याच्या मध्येच थबकायची, माझ्याकडे बघायची आणि ‘देखार’ म्हणायची. पुढे पुढे तर तो विषयच टाळू लागली. चावी ठेव असं न म्हणता नुसती खिळ्याकडे बोट दाखवायची.

हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं, आणि तरीही. माझी आजी ‘पानी’ म्हणायची. मी आठ वर्षांची, पुण्याच्या शाळेतली, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेली. पाहुण्यांसमोर तिला म्हटलं, आजी, पानी नाही, पाणी म्हण, ण बाणाचा. सगळे हसले, आजीही पदर तोंडाला लावून हसली. त्या सुट्टीत मग तिनं माझ्याकडे पाणी कधी मागितलंच नाही. ‘तांब्या दे गं’ म्हणायची. मला वाटायचं, आजीला तांब्याच आवडतो. २००३ साली ती गेली, तेव्हा तिला शेवटचं पाणी मीच पाजलं. काय म्हणून मागितलं असतं ते कळायला ती शुद्धीवर नव्हती.

परत आल्यावर मी अनुवादाच्या कामाला लागले. त्या निमित्तानं व्याकरणाची जाडजूड पुस्तकं हाताळावी लागली, आणि त्यातल्याच एका टिपेत सेन्योरा भेटली. म्हणजे नावानिशी नव्हे. केदार, काएर आणि एन्त्रार ही तीन क्रियापदं कर्म घेऊन वापरण्याची रीत स्पेनच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात, लेओन, सामोरा, सालामांकापासून खाली एक्स्त्रेमादुरापर्यंत, सर्रास आढळते, असं तिथे छापलं होतं. प्रमाणभाषेत चालत नाही हेही लिहिलं होतं, म्हणजे आमच्या बाई चूक नव्हत्याच. पण सेन्योराची ती चूक नव्हती, ती अख्ख्या एका मुलखाची रीत होती, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, आणि मी ती एका पेल्यासाठी बंद पाडली होती. तिला पत्र लिहून हे कळवावं असं बरेच दिवस मनात होतं. फोन व्हायचे नाताळला. फोनवर ती विचारायची, थंडी आहे का तिकडे, जेवतेस ना नीट. व्याकरण फोनवर कुठे काढायचं, म्हणून राहिलं.

माझ्या स्पॅनिशला कामावरचे लोक हसतात. मेक्सिकोची एक सहकारी म्हणते, तू बोलतेस म्हणजे एखादी स्पेनमधली सत्तरीची आजी बोलतेय असं वाटतं. सगळ्यांना ‘हिखा’, म्हणजे ‘पोरी’, म्हणायची खोड आहे मला. चाळिशीच्या व्यवस्थापक बाईंनाही एकदा म्हणून झालं. एवढं सगळं उचललं, आणि नेमकं केदार तेवढं मीच गाळलं.

२०१६च्या नोव्हेंबरात सेन्योराच्या मुलीचा ईमेल आला. दोनच परिच्छेद. पहिल्यात, आई ऑक्टोबरच्या शेवटी गेली, झोपेत, त्रास झाला नाही. गावाकडच्या दफनभूमीत वडिलांशेजारी ठेवलं. दुसरा परिच्छेद एका वाक्याचा होता: ‘मामा ते केदो ऊना काखा एन एल आर्मारियो.’ आईनं तुझ्यासाठी कपाटात एक डबा ठेवलाय. मुलगी शिकलेली, बँकेत नोकरीला, आणि तिनं लिहिलं होतं ‘केदो’.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं ते सांगत नाही. लाल गोलाची जागा अचूक दिसत होती.

डब्यात काय आहे हे तिनं लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही. तोच पत्र्याचा बिस्किटांचा डबा असावा, ज्यात ती सुयादोरे आणि जुन्या चिठ्ठ्या ठेवायची. उत्तरात रीतीप्रमाणे सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या. त्या मी तीनदा तपासल्या, सगळ्या शुद्ध होत्या. शेवटी एक ओळ न तपासता लिहिली: ‘केदाला आई, या इरे.’ आई म्हणजे तिकडे ‘तिथे’. तिथेच राहू दे, मी येईन.

मधल्या काळात तिसऱ्या मजल्यावरचं ते घर विकलं गेलं. अजून माझं जाणं झालेलं नाही. डबा वायादोलिदला मुलीच्या माळ्यावर आहे.