गाव करी ते…

'गाव करी ते राव न करी' ही म्हण बीड जिल्ह्यात हल्ली तपासून घ्यावीशी वाटते. गाव एक असतं, हे तिने गृहीतच धरलेलं आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. तीन दिवस आधी, पवनचक्की कंपनीच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण होतेय कळल्यावर ते धावून गेले होते. रक्षक दलित, सरपंच मराठा. कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड आल्यामुळे त्यांना मारलं, असं सीआयडीचं आरोपपत्र म्हणतं. निवाडा न्यायालय करील. म्हणीतलं गाव मला त्या धावून जाण्यात दिसतं. तिथे जात विचारायला कोणी थांबलं नव्हतं.

खुनानंतर मात्र जिल्हा मराठा आणि वंजारी असा विभागून बोलू लागला. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला, मुख्य आरोपी ज्यांचा निकटवर्तीय, त्या वंजारी समाजातल्या धनंजय मुंडे यांनी ४ मार्च २०२५ला मंत्रिपद सोडलं. म्हणजे रावाला हलवलं ते गावानेच, असं म्हणता येईल. त्यावर कोणी म्हणेल, एवढी माणसं जमली त्यात जातीचा वाटा मोठा होता. नुसत्या न्यायाच्या हाकेला एवढी गर्दी झाली नसती. हा आक्षेप मला खोडता येत नाही. जातीची ओळख पुसायला त्याच मार्चमध्ये जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढायला लावली. उपाय चांगला आहे. पण तक्रारदार ठाण्याची पायरी चढतो तेव्हा त्याचं आडनाव त्याच्यासोबतच असतं, आणि समोरच्या साहेबांचं आडनाव त्याने बाहेर चहाच्या टपरीवरच विचारून घेतलेलं असतं.

इथे परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख आठवते, कारण राख आडनाव विचारत नाही. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच निघते. ती पाण्यातून तळ्यात सोडतात; तळं वाळलं की वारा ती उचलतो आणि वेचणीला आलेल्या कापसावर करडा थर बसतो. ताडपत्री न टाकलेले हायवा ट्रक उरलेली राख वाटभर सांडत जातात. श्वास सगळ्यांचाच कोंडतो, तरी राखेविरुद्ध मस्साजोगसारखा मोर्चा निघाल्याचं दिसत नाही. वीटभट्टी, गाडी, चालकाची रोजी तिच्यावर चालते, हे एक कारण. पूर्वी टाकाऊ असलेल्या राखेला वीट-सिमेंटमुळे भाव आला, आणि जिथे भाव तिथे ती कोणी उचलायची हे ठरवणारा दादाही आला. शिवाय राख उडते त्या हंगामात निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं असतं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि पोरं.

पण खरं कारण याहून अवघड असावं. राखेत सगळ्यांचंच नुकसान असल्यामुळे कोणाही एकाची अस्मिता दुखावत नाही, आणि अस्मिता दुखावल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही. जातीचा आधार न घेता राखेविरुद्ध तेवढी माणसं रस्त्यावर येतील का, हे मला ठाऊक नाही. जातीच्या आधाराने आली, तर त्या गर्दीला गाव म्हणायचं का, हेही आता खात्रीने सांगवत नाही.