लाल गाडी की हिरवी?

लंडनला लेकीकडे जाणाऱ्या बायका राजवाडा बघतात, मेणाचे पुतळे बघतात नि दुकानं पालथी घालतात. एक दुपार माउंट प्लेझंटच्या टपाल संग्रहालयासाठीही ठेवा. ते २०१७ साली उघडलं. मला ओढ होती जुन्या टपालगाड्यांची. तिथे मावतील त्याहून कितीतरी गाड्या त्या देशात हौशी मंडळींनी घरोघरी जपल्या आहेत.

१९५३ पासून टपालखात्यानं मॉरिस मायनर गाड्या घेतल्या. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चक्क रबराचे! गल्लीबोळात धक्का लागला तरी पत्रा चेपायला नको. मग दिवे बसवायचे कुठे? मडगार्डच्या वर, बेडकाच्या डोळ्यांसारखे.

टेलिफोनही तेव्हा याच खात्याकडे. १९८१ साली वेगळा झाला. पत्रांची गाडी लाल, टेलिफोनवाल्यांची हिरवी, टपावर शिडी. पुढे हिरवीची पिवळी झाली.

गाडी थकली की लिलाव. घेणारा तिच्यावर आपला रंग फासून मोकळा! म्हणून आज अशी गाडी हाती आली की आधी रंग हलकेच खरवडायचा. खालून लाल निघतो की हिरवा? टपावर शिडीची भोकं आहेत का? मग नंबर, जुनी कागदपत्रं, फोटो. बाजूला राणीची अक्षरं होती की नुसता मुकुट, हेही बघतात. कारण पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी नव्हतीच, मग ही ‘दुसरी’ कशी, असा तिथल्या लोकांचा सवाल. १९५३ साली एडिंबरात तसली अक्षरं असलेली टपालपेटी स्फोटानं उडवली गेली! तेव्हापासून तिकडे स्कॉटलंडचा मुकुट.

एवढा खटाटोप भंगारासाठी? आपण पैठणी जपतो, पण आजीचं रोजचं लुगडं फाटलं की त्याची फडकी होतात. नातीनं विचारलं, तर दाखवायला तुकडा नसतो. राबणाऱ्या गाड्यांचं तेच झालं.

संग्रहालयाखालच्या बोगद्यातून १९२७ ते २००३ फक्त पत्रांची, बिनड्रायव्हरची आगगाडी धावे. आता तिथे पाहुण्यांना फिरवतात. डबे मात्र इवलेसे; गुडघे धरलेले असतील तर आधी विचारून घ्या.